मोबाइलवर फिश फाइंडर: चेंडू २० मीटरपुढे गेला की चित्र थांबतं

सावरगावकाठ
नमस्कार मंडळी. काठावरून फेकायचा, चेंडूच्या आकाराचा वायफाय सोनार घेतला आहे (सराफ बाजारातला सोनार नव्हे, पाण्यात आवाज सोडणारा). स्क्रीन म्हणून अँड्रॉइड मोबाइल. जागा नाशिकजवळच्या गंगापूर धरणाचं बॅकवॉटर, पाणी अंदाजे ८ मीटर, मासा रोहू, कटला, चिलापी. खोक्यावर रेंज १०० मीटर छापली आहे, पण २० मीटरपुढे चित्र गोठतं. मधेच मोबाइल आपला आपण चेंडू सोडून नेटवर जातो. आणि स्क्रीनवर माशांची जत्रा दिसते, गळाला मात्र तासभर काही लागत नाही. दोष चेंडूचा की मोबाइलचा?

तंगूस४०
बहुतेक दोघांचाही नाही.

आधी नेटवर जाण्याचं. चेंडूच्या वायफायला इंटरनेट नसतं. मोबाइलला वाटतं हे नेटवर्क कामाचं नाही, म्हणून तो मोबाइल डेटावर उडी मारतो. एअरप्लेन मोड लावा, मग वायफाय आणि लोकेशन हाताने चालू करा. जोडताना "इंटरनेट नाही, तरी जोडून राहायचं का" असं विचारलं की हो म्हणा आणि पुन्हा विचारू नको यावर टिक करा. अॅपला लोकेशनची परवानगी द्या, कारण त्याशिवाय बऱ्याच अँड्रॉइडवर अॅपला आसपासची वायफाय दिसतच नाहीत. सेटिंगमध्ये त्या अॅपचं बॅटरी ऑप्टिमायझेशन बंद करा. व्हीपीएन किंवा जाहिराती अडवणारं अॅप असेल तर तेही बंद. आयफोनवाल्यांनी लोकल नेटवर्कची परवानगी द्यायची आणि वायफाय असिस्ट (वायफाय कमजोर वाटलं की मोबाइल डेटावर नेणारी सोय) बंद ठेवायचं. नकाशा हवा असेल तर घरूनच डाउनलोड करून निघा.

आता रेंज. १०० मीटर हा आकडा मोकळ्या, सरळ नजरेचा आहे. चेंडूचा अँटेना पाण्याच्या जेमतेम काही सेंटिमीटर वर असतो आणि वायफायची २.४ गिगाहर्ट्झची लहर पाण्यातून जात नाही. शिवाय तिला नुसती सरळ रेष पुरत नाही, रेषेभोवती मोकळी जागा लागते. ६० मीटर अंतरावर मध्यभागी त्या जागेची त्रिज्या १.४ मीटरच्या आसपास येते. मोबाइल मांडीवर किंवा दगडावर ठेवला की त्यातली जवळपास अर्धी जागा पाण्यात जाते. म्हणून:

- मोबाइल छातीच्या वर हवा. रॉडला क्लिप लावत असाल तर रॉड उभा ठेवा. कॅमेऱ्याचा ट्रायपॉड सर्वांत बरा.
- चेंडू आणि मोबाइल यांच्यामध्ये तुमचं अंग येऊ देऊ नका. शरीर म्हणजे बहुतांश पाणीच, सिग्नल गिळतं.
- मॅग्नेट होल्डरसाठी कव्हरमागे लोखंडी पत्रा चिकटवला असेल तर काढा.
- काठाच्या उंच टेकाडावरून फेका. दोन मीटर उंची मिळाली तरी फरक कळतो.

वारा सुटल्यावर किंवा बोट क्लबच्या स्पीडबोटीची लाट आल्यावर चेंडू खळग्यात जातो आणि चित्र क्षणभर तुटतं. तो दोष नाही. जलपर्णीच्या पट्ट्यामागे चेंडू पडला तर मात्र आशा सोडा.

रॉडचंही बघा. असा चेंडू ९० ते १०० ग्रॅमचा असतो. ६० ग्रॅमपर्यंतच्या रॉडने फेकलात तर तंगूस (गळाची दोरी) तुटून चेंडू धरणाला अर्पण होतो. ४० पाउंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) दोरी, गाठ थेट कडीला, मध्ये स्वस्तातला स्नॅप (उघडझाप क्लिप) नको. काठावरून ओढायचं तर बाजूची कडी, होडीवरून खाली सोडायचं तर वरची.

दारणाकाठ
माशांच्या जत्रेबद्दल. स्क्रीनवरचे ते गोंडस मासे मशीनने पाहिलेले नसतात. तळाच्या वर काहीही प्रतिध्वनी आला की सॉफ्टवेअर तिथे मासा चिकटवतं. बुडालेल्या बाभळीचं खोड, शेवाळाचा झुपका, गाळातून सुटणारे वायूचे बुडबुडे, सगळे मासेच. फिश आयकॉन बंद करा आणि कच्चं चित्र बघा. सेन्सिटिव्हिटी टप्प्याटप्प्याने खाली आणा, वरच्या पाण्यातला कचरा विरळ होईपर्यंत.

मुख्य गोष्ट: ते पाण्याखालचं छायाचित्र नाही. फक्त उजवीकडची शेवटची उभी रेघ म्हणजे आत्ताचं पाणी, डावीकडचं सगळं होऊन गेलेलं. चेंडू एका जागी असेल आणि एकच चिलापी त्याखाली थांबली असेल तर लांब आडवी पट्टी उमटते. तुम्ही तिला थवा समजता. कमान उमटते ती मासा आवाजाच्या शंकूच्या (चेंडूतून खाली पसरत जाणाऱ्या झोताच्या) कडेने शिरून मधून पलीकडे गेला, किंवा चेंडू त्याच्यावरून ओढला गेला तर. तिरकी सरळ रेघ वर वर चढत गेली तर बहुधा बुडबुडा.

तळ ओळखायला शिका, आपल्याकडे त्याचा उपयोग माशापेक्षा जास्त. बेसॉल्टच्या खडकावर तळाची रेघ घट्ट, चकचकीत येते आणि दुप्पट खोलीवर तिची फिकट नक्कल दिसते. काळ्या मातीचा गाळ असेल तर पट्टा जाड पण मरगळलेला आणि नक्कल नाही. खडक संपून गाळ सुरू होतो ती कड, आणि बुडालेल्या जुन्या नदीपात्राचा उतार, या दोन जागा आधी शोधा.

उन्हाळ्यात खोल पाण्यात मधोमध एक धूसर आडवा पट्टा दिसतो. वरचं कोमट आणि खालचं गार पाणी जिथे भेटतं ती सीमा. खालच्या थरात प्राणवायू कमी पडतो, तेव्हा अशा वेळी तळाशी आमिष सोडून बसण्यात अर्थ नाही.

आणि वाम, मरळ यांच्यासाठी हे यंत्र घेऊ नका. प्रतिध्वनीचा मोठा वाटा माशाच्या हवेच्या पिशवीवरून येतो, पण वाम तळाला चिकटून किंवा चिखलात, आणि मरळ उथळ गवतात. दोन्ही ठिकाणी सोनार आंधळा.

तराफा१२व्होल्ट
दारणाकाठ यांच्याशी जवळपास सहमत. फक्त आयकॉन बंद करूनही माशाचा अलार्म चालत असेल तर तो चालू ठेवायला हरकत नाही, उन्हात स्क्रीनकडे सारखं बघवत नाही.

तराफ्यावरून मासेमारी करणाऱ्यांना चेंडूपेक्षा वायफायचा डबा बरा. ट्रान्सड्यूसर (आवाज सोडणारा आणि प्रतिध्वनी टिपणारा भाग) वायरने डब्याला, डबा १२ व्होल्टच्या बॅटरीला, चित्र मोबाइलवर. ट्रान्सड्यूसर थर्माकोलच्या आरपार चालत नाही, त्यात हवा असते. कडेला पीव्हीसी पाइप उभा बांधून टोकाला लावा, तोंड सरळ खाली, पाण्यात वीतभर. ७ अँपिअर-तासाची बॅटरी असेल तर हिशेब निम्म्याचाच धरा. अर्धा अँपिअर खेचलं तर ७ तास. फ्यूज मॅन्युअलमध्ये असेल तोच. त्याच बॅटरीवर स्वस्तातला कार चार्जर लावून मोबाइल चार्ज केलात तर स्क्रीनवर ठिपके आणि उभ्या रेघा येतात. मोबाइलला वेगळी पॉवर बँक द्या.

एप्रिल-मेमध्ये मोबाइलच आधी दमतो. आयफोन ३५ अंशांपर्यंतच्या हवेसाठी बनवलेला आहे. तापला की स्क्रीन आपोआप अंधारते, मग बंद पडतो. प्लास्टिकची सीलबंद पिशवी उष्णता आणखी कोंडते. पांढरा रुमाल आडवा धरा, ब्राइटनेस पूर्ण ठेवू नका.

सावरगावकाठ
एअरप्लेन मोड आणि ट्रायपॉड, ५५ मीटरपर्यंत आलं. आभार. आता ४ मीटरवर पट्टी दिसते, पण मासा चेंडूच्या कुठल्या बाजूला ते कसं कळणार? माझ्याकडे ४७, २० आणि ७ अंशांचे तीन शंकू आहेत.

दारणाकाठ
बाजू कळत नाही, फक्त अंतर कळतं. पण शंकू बदलून चाळता येतं. ४ मीटर खोलीवर ४७ अंशांचा घेर ३.५ मीटर व्यासाचा, २० चा १.४, आणि ७ चा जेमतेम अर्धा मीटर. रुंदवर दिसला, ७ वरही दिसला, तर मासा चेंडूच्या पोटाखाली. ७ वर नाहीसा झाला तर चेंडू दोन हात ओढा, पुन्हा बघा.

रुंद शंकूची एक खोड: ८ मीटर पाण्यात शंकूच्या कडेला तळापर्यंतचं अंतर ८.७ मीटर होतं. म्हणजे कडेला, तळापासून ७० सेंटिमीटरच्या आत असलेला मासा तळाच्या पट्ट्यातच बुडून जातो. २० अंशांना हे फक्त १२ सेंटिमीटर. मृगळ तळाशी चरतो, त्याच्यासाठी अरुंद शंकूच. तुमची ४ मीटरवरची पट्टी बहुधा रोहू, तो मधल्या पाण्यात फिरतो. आमिष साडेतीनवर ठेवा, पट्टीच्या खाली नको.

तंगूस४०
एक राहिलं. चेंडू पाण्याच्या स्पर्शाने चालू होतो, म्हणून पिशवीत टाकण्याआधी खालचे धातूचे ठिपके पुसा, नाहीतर घरी पोचेपर्यंत बॅटरी संपते. ओला असताना चार्जिंगला लावू नका. झाकणाच्या रबरात वाळूचा एक कण अडकला तरी पाणी आत शिरतं.

धरणातल्या मासेमारीचा ठेका कोणत्या मच्छीमार सोसायटीकडे आहे ते विचारून परवानगी घ्या. नांदूर मध्यमेश्वरला मात्र हे घेऊन जाऊ नका, ते अभयारण्य आहे.