वर्गाबाहेर उभं करूनही तीच मुलं, तोच दंगा. पद्धत चुकतेय का?

मधली_सुट्टी:
दंगा केला की दहा मिनिटं वर्गाबाहेर, हा सातवी-आठवीतला ठरलेला उपाय. पहिले काही दिवस वर्ग चिडीचूप, मग रोज तीच चार-पाच नावं बाहेर, आणि जाताना हसत जातात. शिक्षा वाढवावी, की दुसरं काही करावं?

खडू_डस्टर:
वाढवू नका. आधी दोन आठवडे वहीत चार रकाने भरा: तास कोणता, दंग्याआधी काय चाललं होतं, मुलाने काय केलं, त्यानंतर त्याच्या पदरात काय पडलं. उत्तर बहुधा शेवटच्या रकान्यात सापडतं. फळ्यावर गणित सोडवायची पाळी जवळ आली की बाक वाजवणारा मुलगा बाहेर गेला, म्हणजे फळ्यावरून सुटला. आपण शिक्षा म्हणतो, त्याच्यासाठी ती सुटका!

अशाला वर्गातच ठेवा आणि काम आवाक्यात आणा. दहाऐवजी तीन उदाहरणं. पहिलं शेजारी बसून, उरलेली दोन त्याची त्याने. सुरुवातीला दंगा वाढेल, कारण नेहमीची युक्ती चालेना की मूल तीच आणखी जोरात करून बघतं. नेमकं तेव्हाच कंटाळून बाहेर काढलंत, तर 'जोर लावला की जमतं' एवढंच तो शिकतो.

रकान्यात 'वर्ग हसला' असं येत असेल तर औषध वेगळं. लांबून नाव घेऊन ओरडू नका. बाकाजवळ जा, हळू आवाजात 'वही उघड, दुसरं उदाहरण घे' एवढंच म्हणा आणि पुढे चला. डोळे रोखून उभे राहिलात तर त्याला सगळ्यांदेखत माघार घ्यावी लागते. आठवीतलं पोर ती घेत नाही.

तास_सहावा:
रकाने ठीक, पण पूर्ण वर्गाचे भरत बसाल तर शिकवणार कधी? ज्या दोघा-तिघांचं नाव रोज येतं तेवढ्यांचेच भरा.

बाकी शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जेकब कुनिन यांनी १९७०मध्ये मांडलेलं निरीक्षण इथे लागू पडतं: शांत आणि गोंधळी वर्गांत फरक पडतो तो दंगा झाल्यावर शिक्षक काय करतात त्याने नव्हे, आधी वर्ग कसा चालवतात त्याने. वह्या वाटण्यात पाच मिनिटं गेली की दंग्याला आयतीच जागा मिळते.

मधली_सुट्टी:
आणि उशिरा येणाऱ्यांना दंड?

खडू_डस्टर:
नकोच. नीझी आणि रुस्तिकिनी या अर्थतज्ज्ञांचा २०००चा अभ्यास आहे, इस्रायलमधल्या पाळणाघरांचा. मुलांना न्यायला उशीर करणाऱ्या पालकांना दंड लावला, तर उशीर वाढला. दंड उठवल्यावरही तो पूर्वीइतका खाली आला नाही. पैसे भरले की ओशाळेपण संपतं. त्यापेक्षा बुडालेलं काम त्याच दिवशी पूर्ण करून घ्या. बाक रंगवला असेल तर तोच बाक पुसायला लावा, 'शंभर वेळा लिही' नको; त्याने फक्त लिहिण्याचा तिटकारा येतो.

तास_सहावा:
मारामारीत मात्र रकाने नंतर. दोघांना वेगवेगळ्या खोल्यांत, मोठ्या माणसाच्या नजरेखाली बसवा, शांत झाल्यावर एकेकट्याशी बोला. लगेच समोरासमोर माफी मागायला लावलीत तर भांडण शाळा सुटल्यावर फाटकाबाहेर पुढे चालू होतं.