प्रीमल्टिप्लाइडला मराठीत काय म्हणायचं?

मनवा_पुणे:
क्लासच्या मुलांसाठी आफ्टर इफेक्ट्सच्या (व्हिडिओवर इफेक्ट्स करायचं सॉफ्टवेअर) नोट्स मराठीत लिहितेय. बाहेरून आलेली फाइल कशी वाचायची ते सांगतो त्या इंटरप्रीट फुटेजमध्ये अल्फाचे (चित्राचा कुठला भाग किती दिसायचा ते ठेवणारा चॅनल) पर्याय येतात ना, इग्नोर, स्ट्रेट, प्रीमल्टिप्लाइड, तिथे अडलंय. स्ट्रेटला "सुटा" लिहिलं, ते मुलांना लगेच कळलं कारण रंग वेगळा आणि पारदर्शकता वेगळी ठेवलेली असते. पण "पूर्वगुणित" म्हटल्यावर सगळे नुसते बघत बसले. दुसरं काही सुचतंय का? हे नीट कळलं नाही की लोगोच्या कडेला काळी रेघ येते आणि मुलं लोगो बनवणाऱ्याला दोष देतात.

गणू_कोल्हापूर:
पूर्वगुणितच ठेवा हो. पांढरा २५५, अल्फा निम्मा, तर फाइलमध्ये साधारण १२८ लिहिलेला असतो, म्हणजे रंगाचा अल्फाशी गुणाकार आधीच झालाय. ती फाइल स्ट्रेट म्हणून घेतली की सॉफ्टवेअर परत गुणतं, काळं दोनदा मिसळतं आणि कड काळवंडते. उलट स्ट्रेट फाइलला प्रीमल्टिप्लाइड सांगितलं तर भागाकार होतो, कड भगभगीत होते. सगळं कारण त्या एका शब्दात आहे, तो का टाकायचा?

शुभा_ठाणे:
कारण शब्द ऐकून कुणाला गुणाकार आठवत नाही. मी मुलांना सांगते, साखर घालून आलेला चहा आहे, परत चमचा टाकू नका. "मिसळलेला" म्हणा सरळ.

गणू_कोल्हापूर:
मिसळलेला म्हटलं तर अल्फाच रंगात विरघळून गेला असं वाटेल. तो चॅनल तर तसाच शाबूत असतो, बदलतो तो रंग.

विनय_नाशिक:
मला मुळात मनवाताईंनी अल्फाला पारदर्शकता म्हटलंय तिथेच अडकायला झालं. अल्फा म्हणजे पारदर्शकता नाही, बरोब्बर उलटं आहे. अल्फा शून्य म्हणजे काही दिसत नाही, पूर्ण म्हणजे मागचं काही दिसत नाही. एका मराठी सबटायटलमध्ये ओपॅसिटी ७०% (म्हणजे मागचं सत्तर टक्के झाकायचं) याचं "पारदर्शकता ७०%" केलेलं पाहिलंय. ते वाचून आमच्याकडच्या एका मुलाने ओपॅसिटीत ३० टाकलं आणि त्याचं काय चुकलं सांगा, त्याने मराठी नीट वाचलं एवढंच. अशा अनुवादापेक्षा "ओपॅसिटी" बरी.

मनवा_पुणे:
हे पटलं, ते वाक्य बदलते. पण मग "अपारदर्शकता ७०%"? शाळेत पारदर्शक, अर्धपारदर्शक, अपारदर्शक असंच शिकलोय आपण.

शुभा_ठाणे:
नकारी शब्द मोजायला बसत नाही. "आरपार न दिसणं सत्तर टक्के वाढव" असं कोण बोलतं? दाटपणा म्हणा. दाट धुकं, दाट रंग, मुलगा लगेच स्लायडर पुढे नेईल.

रंगपेटी:
ड्रॉइंगच्या तासाला आमच्या बाई पोस्टर कलर "घट्ट लाव" आणि वॉटर कलर "पातळ ठेव" म्हणायच्या. घट्ट-पातळ ही जोडी हाताला आधीच माहितीय. आणि कापडाला झिरझिरीत म्हणतो तो शब्द कुठे गेला? अल्फा कमी म्हणजे झिरझिरीत. मला तर तो झिरपण्यातलाच वाटतो, उजेड झिरपतो म्हणून.

विनय_नाशिक:
झिरझिरीत विशेषण म्हणून सुंदरच आहे, पण ७०% झिरझिरीत लिहिलं की परत तोच उलटा घोळ.

गणू_कोल्हापूर:
आणि चॅनलचं काय करणार? "अल्फा वाहिनी" लिहून बघा, आमच्या वयाच्या माणसाला अल्फा टीव्ही मराठीच आठवणार, १९९९ ला सुरू झालेली, आताची झी मराठी. अल्फाला भाषांतर नकोच. अल्वी रे स्मिथ आणि एड कॅटमल या कॉम्प्युटर ग्राफिक्सवाल्यांनी दोन चित्रं मिसळायच्या सूत्रातलं अक्षर घेतलं, तेच नाव पडलं. सूत्रातल्या अक्षराचं भाषांतर करायचं नसतं. आणि आधी गुणून ठेवायची कल्पना पोर्टर आणि डफ यांच्या चित्रं एकावर एक चढवण्यावरच्या १९८४ च्या निबंधात नीट मांडलीय, त्यांनीही गुणाकारच म्हटलंय, म्हणून पूर्वगुणित!!

शुभा_ठाणे:
इंग्रजीत मल्टिप्लाय हा रोजच्या भाषेतला शब्द आहे, मराठीत पूर्वगुणित शासकीय कोशातला वाटतो, फरक तिथेच आहे.

रंगपेटी:
काळ्या कडेला काय म्हणता मग? इंग्रजीत हेलो (halo) म्हणतात त्याला प्रभावळ चालेल का?

मनवा_पुणे:
प्रभावळ नको. ती देवाच्या मूर्तीमागे मुद्दाम घडवून बसवतात. ही चूक आहे, तिला इतकं देखणं नाव दिलं तर मुलं ती काढणारच नाहीत. किनार किंवा झालर.

विनय_नाशिक:
झालरही शोभेचीच. "काळी कड" बास.

रंगपेटी:
प्रभावळीचा अर्थ तेजाचा आहे हो, शोभेचा नंतर आला. पांढऱ्या कडेला तरी चालावा.

मनवा_पुणे:
बरं, प्रीमल्टिप्लाइडवर परत येऊया? फाइलच्या प्रकारांपैकी पीएनजी स्ट्रेट आणि ईएक्सआर शक्यतो प्रीमल्टिप्लाइड, एवढं मी लिहून टाकलंय. प्रोरेस ४४४४ ची व्हिडिओ फाइल आली की देणाऱ्याला विचारा असं लिहिलंय, नुसत्या गेसवर (सॉफ्टवेअरने स्वतः अंदाज बांधायचं बटण) विसंबू नका. शब्दाची जागा अजून कोरी आहे. आणि पुढच्याच पानावर असाइन प्रोफाइल (फाइलमधले रंग कुठल्या मापाने वाचायचे ते सांगणं) येतंय, एसआरजीबीचा (कॉम्प्युटरच्या स्क्रीनचं रंगांचं माप) लोगो रेक ७०९ (एचडी व्हिडिओचं माप) मध्ये घेताना. त्या प्रोफाइलला काय म्हणू?

गणू_कोल्हापूर:
रंगरेखा.

शुभा_ठाणे:
रंगरेखा म्हणजे रंगीत रेघ! प्रोफाइलच राहू दे.

रंगपेटी:
थांबा, प्रभावळीचं अजून संपलं नाही माझं...