२६ मार्चचा कार्यक्रम: निधी, दिवे आणि एक फोटो

प्रेषक: सचिव
विषय: अपस्मार जागृती आणि निधीसंकलन

नमस्कार मंडळी,

२६ मार्च हा दिवस जगभर अपस्मार, म्हणजे वारंवार फिट येण्याचा आजार, याच्या जागृतीसाठी पाळतात. २००८ साली कॅनडातल्या नोव्हा स्कोशियामध्ये कॅसिडी मेगन या नऊ वर्षांच्या मुलीने तो सुरू केला. तिला स्वतःला अपस्मार होता. त्या दिवशी जांभळे कपडे घालतात. यंदा आपलं मंडळही सामील होतंय. सकाळी पायी फेरी, संध्याकाळी गाण्यांचा कार्यक्रम आणि सभागृहाच्या दाराशी देणगीचं टेबल, असा बेत आहे. जमलेले पैसे ज्यांना औषधं परवडत नाहीत त्यांच्यासाठी जातील.

स्वयंसेवक हवे आहेत. शेवटच्या गाण्यावर तरुण मंडळी नाचणार आहेत, त्यासाठी लुकलुकणाऱ्या दिव्यांची सोय झाली आहे. पोस्टरसाठी फिट आलेल्या माणसाचा एखादा परिणामकारक फोटो कुणाकडे असेल तर पाठवा.

प्रेषक: एक सभासद
विषय: उत्तर: अपस्मार जागृती आणि निधीसंकलन

सचिवताई, नमस्कार.

माझ्या मुलीला अपस्मार आहे. या यादीवर हे फार तर दोन-तीन घरांना ठाऊक असेल. आज सगळ्यांना सांगतेय, कारण तुमच्या मेलमधल्या शेवटच्या दोन गोष्टी वाचून मला गप्प बसवेना.

आधी दिवे. ते कृपा करून रद्द करा. अपस्मार असलेल्या शंभरातल्या साधारण ३ जणांना लुकलुकत्या प्रकाशाने झटका येऊ शकतो. सेकंदाला ३ ते ३० वेळा होणारी उघडझाप सगळ्यात त्रासाची. शंभरात तीन म्हणजे थोडेच, पण त्या संध्याकाळी आपण नेमकं त्यांनाच आग्रहाने बोलावतोय ना? असा प्रकाश कुठे अचानक समोर आलाच, तर तळहाताने एक डोळा पूर्ण झाकायचा आणि तोंड फिरवायचं. नुसते डोळे मिटून भागत नाही, पापण्यांतून उजेड आत येतोच.

आता फोटो. माझी लेक पंधरा वर्षांची असताना एका समारंभात खुर्चीवरून खाली कोसळली. अंग ताठ झालं, मग हातपाय झटके देऊ लागले. एका गृहस्थांनी तिचे खांदे जमिनीशी दाबून धरले. कुणीतरी दातखीळ उघडायला तोंडात चमचा घातला. जीभ गिळेल अशी त्यांना भीती वाटली. जीभ गिळता येतच नाही, पण तिच्या पुढच्या दाताचा तुकडा पडला. तो मी रुमालात बांधून घरी आणला. आणि एवढ्या गर्दीत दोघं-तिघं मोबाईलवर चित्रण करत होते. शुद्धीवर आल्यावर ती मला पहिलं काय म्हणाली सांगू? "आई, माझे कपडे ओले झालेत का?" झाले होते. मी माझी शाल तिच्या कमरेला गुंडाळली आणि आम्ही मागच्या दाराने बाहेर पडलो.

म्हणून तसा फोटो नको. त्या क्षणी त्या माणसाला स्वतःचं भान नसतं, हो-नाही म्हणायची सोय नसते. पोस्टरवर अपस्मार असलेली माणसं त्यांच्या परवानगीने त्यांचं रोजचं काम करताना दाखवा.

चमचा घालणाऱ्या बाईंवर माझा राग नाही, त्यांना मदतच करायची होती. त्यांना कुणी कधी शिकवलंच नव्हतं. तेव्हा गाण्यांच्या आधी वीस मिनिटं द्या आणि एवढंच शिकवा: घड्याळ बघा. आसपासच्या टोकदार, कडक वस्तू दूर करा. डोक्याखाली काहीतरी मऊ सरकवा, गळ्याशी आवळलेलं सैल करा. हातपाय दाबून धरू नका. तोंडात काहीही घालू नका, पाणीसुद्धा नाही. नाकाशी उग्र वासाचं काही धरून फिट थांबत नाही. झटके ओसरले की एका कुशीवर वळवा, म्हणजे लाळ बाहेर येईल आणि श्वास मोकळा राहील. फिट ५ मिनिटांच्या वर गेली, शुद्ध न येता दुसरी आली, पहिलीच असली, पाण्यात आली किंवा लागलं असलं, तर लगेच रुग्णवाहिका. आणि पूर्ण भानावर येईपर्यंत कुणीतरी शेजारी बसून राहा. त्या दिवशी आमच्याजवळ कुणी बसलं असतं तर बरं वाटलं असतं.

प्रेषक: खजिनदार

ताई, वाचून खूप वाईट वाटलं. दिव्यांबद्दल तुमचं म्हणणं मला पूर्ण पटलं.

माझा प्रश्न पैशांचा. जगात सुमारे ५ कोटी लोकांना अपस्मार आहे आणि त्यातले जवळजवळ ८० टक्के कमी आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत राहतात. नीट निदान आणि औषधं मिळाली तर ७० टक्क्यांपर्यंत लोक फिटशिवाय जगू शकतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. आपली रक्कम त्या मानाने छोटी. मग महिन्याभराची औषधं जास्तीत जास्त लोकांना द्यावीत का?

प्रेषक: आणखी एक सभासद

खजिनदारकाका, तसं करू नका. माणसं कमी घ्या, पण घ्याल त्यांना निदान वर्षभर पुरवठा करा. ही औषधं एकाएकी बंद झाली की फिट उसळून येतात, कधी आधीपेक्षा जोरात. महिन्याने हात आखडता घ्यायचा तर न दिलेलं बरं, असं माझं स्पष्ट मत आहे. औषधं कुणाला कुठली, हे तिथल्या डॉक्टरांवर सोडावं.

हे मी अनुभवाने सांगतोय. मला एकोणीस वर्षं अपस्मार आहे. मंडळाच्या तीन कार्यकारिणींत काम केलं, पण कधी कुणाला बोललो नाही. माझी फिट ताईंच्या लेकीसारखी नसते. पोटातून काहीतरी वर चढल्यासारखं होतं, मग मिनिट-दीड मिनिट मी एकटक बघत राहतो, ओठ चावल्यासारखे हलतात आणि उजवा हात शर्टाचं एकच बटण चाचपत राहतो. नंतर बोलायला शब्द सापडत नाहीत. एका बैठकीत असं झालं, तेव्हा सगळ्यांना वाटलं मी रागावून उत्तर देत नाही. मी तो समज तसाच राहू दिला. खरं सांगण्यापेक्षा ते सोपं वाटलं.

वीस मिनिटांत अशा शांत फिटबद्दलही सांगा. तिथे कुशीवर वळवायला नको. धोक्याच्या जागेपासून हळूच बाजूला घ्यायचं आणि हलक्या आवाजात बोलत राहायचं, बस.

आणि कुशीवर कसं वळवायचं हे दाखवायला कुणीतरी जमिनीवर आडवं व्हावं लागेल. मी होईन.

प्रेषक: सचिव

फोटोची विनंती मागे घेते. तसं लिहिलं याबद्दल मनापासून माफी मागते, ताई. दिवे रद्द केलेत, सभागृहाच्या माणसाशी आत्ताच बोलणं झालं. गाणी अर्धा तास उशिरा सुरू होतील. निधी वर्षभराच्या औषधांसाठीच जाईल आणि हिशेब याच यादीवर येईल. दादा, तुमच्यासाठी जाड सतरंजी आणि उशी मी आणते.

प्रेषक: एक सभासद

लेकीला सगळ्या मेल वाचून दाखवल्या. ती म्हणते, काका आडवे होणार असतील तर घड्याळ ती धरेल.