सेक मार्गाने बाहेर गेलेले जीएफपी चमकत का नाही?

प्रश्न : शेवाळ

नमस्कार. मी सूक्ष्मजीवशास्त्राच्या एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे. ई. कोलाय या जिवाणूतील प्रथिने आतले पटल ओलांडून पेरिप्लाझममध्ये, म्हणजे आतल्या आणि बाहेरच्या पटलांमधल्या जागेत, कशी पोहोचतात, हा माझ्या प्रकल्पाचा विषय आहे. जीएफपी हे हिरवे चमकणारे प्रथिन मी दोन प्रकारे बाहेर पाठवले. एका प्लाझ्मिडमध्ये (पेशीत घातलेल्या डीएनएच्या लहान वर्तुळात) त्याच्या सुरुवातीला मॅल-ई या माल्टोज बांधणाऱ्या प्रथिनाचे सिग्नल पेप्टाइड जोडले आहे आणि दुसऱ्यात टॉर-ए या विकराचे. टॉर-एवाल्या पेशींना सूक्ष्मदर्शकाखाली हिरवी कड स्पष्ट दिसते. मॅल-ईवाल्या पेशी मात्र जवळजवळ काळ्याच राहतात. तरीही त्यांचा पेरिप्लाझमचा अंश वेगळा काढून वेस्टर्न ब्लॉट (प्रतिपिंडांनी ठरावीक प्रथिन ओळखण्याची चाचणी) केला, की अपेक्षित आकाराचा जीएफपीचा पट्टा तिथे हजर असतो. म्हणजे प्रथिन पोहोचले आहे, तुटलेलेही नाही, आणि तरी चमकत नाही.

मार्गदर्शकांनी हा घडीचा प्रश्न असल्याचे सांगितले, पण त्यापलीकडे चर्चा झाली नाही. एकाच प्रथिनाची घडी एका वाटेने गेल्यावर बसते आणि दुसऱ्या वाटेने गेल्यावर बसत नाही, याचे कारण काय असावे? याला जोडून आणखी एक शंका आहे. पटलाच्या दोन बाजूंमधील प्रोटॉनांच्या फरकावर पेशी एटीपी तयार करते, त्यामुळे प्रोटॉनसुद्धा फुकट आत येऊ न देण्याची तिची धडपड असते. मग अख्खे प्रथिन जाईल एवढी वाट उघडल्यावर हा फरक नाहीसा कसा होत नाही?

प्रतिसाद : जुना खडू

तुमच्या दोन्ही शंकांचे मूळ एकच आहे, म्हणून आधी मॅल-ईवाले जीएफपी ज्या वाटेने जाते, त्या सेक मार्गाचे यंत्र जवळून पाहणे सोयीचे होईल. टॉर-एवाले जीएफपी टॅट या वेगळ्या मार्गाने जाते.

मॅल-ईचे सिग्नल पेप्टाइड 26 अमिनो आम्लांचे असते. त्याच्या सुरुवातीला धन प्रभार, मध्ये पाण्याला दूर सारणारा पट्टा आणि शेवटी सिग्नल पेप्टिडेझ जिथे कात्री चालवते ती जागा, अशी त्याची रचना आहे. हे पेप्टाइड पत्ता सांगते आणि त्याचबरोबर मागच्या प्रथिनाची घडी बसण्याचा वेग मंदावते, ही दुसरी गोष्ट पाठ्यपुस्तकात सहसा एका ओळीत उरकली जाते. रायबोसोमवरून सुटलेल्या प्रथिनाला सेक-बी हे सांभाळणारे प्रथिन उलगडलेल्या अवस्थेत धरून ठेवते आणि सेक-एच्या स्वाधीन करते. सेक-ए एटीपी खर्च करून ती साखळी सेक-वाय, सेक-ई आणि सेक-जी यांनी बनलेल्या वाहिनीत टप्प्याटप्प्याने सरकवते. पटलावरील प्रोटॉनांचा दाबही या कामाला हातभार लावतो.

या वाहिनीची अणुपातळीवरील रचना 2004 साली प्रसिद्ध झाली. ती खोल समुद्रातील उष्ण झऱ्यांजवळ राहणाऱ्या मिथेनोकाल्डोकॉकस जन्नाशी या आर्कियातील (जिवाणूंहून वेगळ्या गटातील सूक्ष्मजीवातील) वाहिनीची होती. तिचा आकार दोन्ही बाजूंना रुंद आणि मध्ये आवळलेला असा आहे. त्या आवळलेल्या जागी जलविरोधी अमिनो आम्लांचे एक कडे असते आणि ई. कोलायमध्ये त्यातील सहाही अमिनो आम्ले आयसोल्युसीन आहेत. वाहिनी रिकामी असताना बाहेरच्या बाजूने एक लहान सर्पिल खंड बुचासारखा त्या कड्याखाली बसतो. साखळी आत शिरताना बूच बाजूला होते आणि कडे साखळीभोवती घट्ट बसते, त्यामुळे शेजारून आयन जायला जवळजवळ जागा उरत नाही. तुमच्या दुसऱ्या शंकेचे सेकपुरते उत्तर इथे आहे. वाट मोठी उघडतच नाही. सुईच्या नेढ्यातून दोरा ओवावा तशी एकेरी साखळी ओवली जाते, आणि गाठ मारलेला दोरा तिथून जाणार नाही.

आता जीएफपीकडे वळू. हे प्रथिन 238 अमिनो आम्लांचे आहे. त्याचे 11 पट्टे मिळून एक पिंप तयार होते आणि या पिंपाचा व्यास सुमारे 2.4 नॅनोमीटर असतो. चमकणारा भाग बाहेरून येत नाही. 65 ते 67 क्रमांकाची तीन अमिनो आम्ले पिंपाच्या पोटात नीट बसली, की त्यांच्यातच रासायनिक क्रिया होऊन तो घडतो, आणि या क्रियेला ऑक्सिजन लागतो. पिंप बनले नाही तर चमक नाही. तुमच्या पहिल्या प्लाझ्मिडमधून निघालेले जीएफपी आत घडी बसण्यापूर्वीच सेक-एच्या हाती लागते आणि उलगडलेल्या रूपात पलीकडे जाते. त्यामुळे पिंप पेरिप्लाझममध्ये बनायला हवे, आणि नेमके तिथेच ते बनत नाही.

प्रतिसाद : बुरशीवाला

पेरिप्लाझममध्ये ते का बनत नाही, याचे एक कारण सल्फरमध्ये आहे. पेशीद्रव हे क्षपण करणारे वातावरण असल्यामुळे सिस्टीन या सल्फरयुक्त अमिनो आम्लांचे सल्फर तिथे मोकळे राहतात. पेरिप्लाझममध्ये मात्र डीएसबी-ए हे विकर सिस्टीनांच्या जोड्या जुळवून डायसल्फाइड बंध घालत असते. जीएफपीमध्ये 48 आणि 70 या जागी दोन सिस्टीन आहेत. नीट घडी बसलेल्या प्रथिनात त्यांच्यात बंध नसतो. पण उलगडलेली साखळी बाहेर येताच हे सल्फर उघडे सापडतात, एका रेणूचा बंध दुसऱ्या रेणूशी जुळतो आणि न चमकणारे गुच्छ तयार होतात. तुमचा ब्लॉट क्षपणकारक न घालता, म्हणजे बीटा-मरकॅप्टोइथेनॉल किंवा डीटीटी वगळून, पुन्हा करून पाहा. वरच्या बाजूला जड पट्टे दिसले तर हे कारण तुमच्या पेशींनाही लागू आहे असे समजायला हरकत नाही.

गंमत अशी, की याच अडचणीवर या क्षेत्राचा अर्धा इतिहास उभा आहे. हार्वर्डमधील जॉन बेकविथ यांच्या गटाने मॅल-ईला बीटा-गॅलॅक्टोसिडेझ हे लॅक्टोज तोडणारे विकर जोडले होते. हे विकर आकाराने प्रचंड आहे. त्याची एकेक साखळी हजाराहून अधिक अमिनो आम्लांची असते. अशा पेशींना माल्टोज दिले की संकरित प्रथिन भराभर बनते, वाहिनीत अडकते, बाकीच्या प्रथिनांचीही वाट बंद होते आणि पेशी मरते. माल्टोज न देता ते थोडेसेच बनू दिले तर पेशी जगते, पण पटलात रुतलेले विकर निकामी राहिल्यामुळे तिला लॅक्टोजवर वाढता येत नाही. मग लॅक्टोजवर वाढू शकणारे उत्परिवर्ती निवडायचे. प्रथिन बाहेर पाठवण्याचे यंत्र बिघडले आणि विकर आतच राहिले, तरच ते काम करणार, म्हणून त्या वसाहतींमध्ये यंत्राच्याच जनुकांतील बिघाड सापडतात. सेक-ए जनुक 1981 साली याच युक्तीने हाती लागले आणि पाठोपाठ सेक-बीसुद्धा.

डीएसबी-एचा शोधही याच घराण्यातला आहे. मॅल-एफ या पटलातील प्रथिनाला जोडलेले बीटा-गॅलॅक्टोसिडेझ बाहेरच्या बाजूला निकामी का असते, हे पाहताना 1991 साली असे उत्परिवर्ती मिळाले, ज्यांत विकर बाहेर असूनही थोडेफार काम करू लागले होते. त्यांच्यात डायसल्फाइड बंध घालणारे जनुकच बिघडलेले निघाले. तुमच्या काळ्या पेशी आणि त्या काळच्या लॅक्टोज न पचवणाऱ्या वसाहती यांत, माझ्या मते, तत्त्वतः फारसा फरक नाही.

शेवाळ

दोघांचेही आभार. क्षपणकारकाविना ब्लॉट लगेच लावते. मात्र टॉर-एवाल्या पेशींमध्ये घडी बसलेले 2.4 नॅनोमीटरचे पिंप पटलातून कसे गेले, आणि तेव्हा प्रोटॉन का गळले नाहीत, हे अजून उमगलेले नाही.

प्रतिसाद : पाणथळ

टॉर-एवाले जीएफपी ज्या वाटेने जाते, त्या टॅट मार्गाची ही खरी अवघड जागा आहे आणि तज्ज्ञांमध्येही त्याबद्दल एकमत नाही. या मार्गाच्या सिग्नल पेप्टाइडमध्ये दोन आर्जिनिन शेजारी शेजारी असतात आणि त्यांवरून त्याचे नाव पडले आहे. ई. कोलायमधील तीसच्या आसपासच प्रथिने या वाटेने जातात. त्यांतील बऱ्याच प्रथिनांत मॉलिब्डेनम किंवा लोह-गंधकाचे सहघटक असतात आणि ते पेशीद्रवातच बसवावे लागतात. टॉर-ए त्यांपैकीच एक आहे. टॉर-डी नावाचे सोबती प्रथिन, मॉलिब्डेनमचा सहघटक बसेपर्यंत टॉर-एला अडवून धरते. तुमच्या जीएफपीला असा पहारेकरी नाही, पण त्याची घडी पेशीद्रवात बसते आणि टॅटला तेवढे पुरते.

इथे एटीपी लागत नाही. सगळी ऊर्जा प्रोटॉनांच्या दाबातून येते. टॅट-बी आणि टॅट-सी सिग्नल पेप्टाइड ओळखून धरतात आणि मग टॅट-एचे अनेक रेणू तिथे गोळा होतात. पुढचे चित्र दोन प्रकारे मांडले जाते. एका मतानुसार टॅट-एचे रेणू प्रथिनाच्या आकारानुसार लहान-मोठे कडे करतात आणि प्रथिन त्यातून जाते. दुसऱ्या मतानुसार टॅट-एचा पटलात रुतणारा सर्पिल खंड नेहमीपेक्षा आखूड असल्यामुळे, असे पुष्कळ रेणू एकत्र आल्यावर तिथले पटल पातळ आणि कमकुवत होते, आणि प्रथिन त्या जागेतून ओढले जाते. मला दुसरे मत अधिक पटते, कारण त्यात कायमचे छिद्र मानावे लागत नाही. कामापुरती रचना उभी राहते आणि काम झाले की मोडते, म्हणजे गळती झालीच तरी ती क्षणिक राहते.

तुमच्याकडे टॅट नसलेले उत्परिवर्ती असतील तर ते नुसते सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. पेशी एकमेकींना चिकटून लांब साखळ्या झालेल्या दिसतील. एएमआय-ए आणि एएमआय-सी ही पेशीभित्तिका तोडणारी दोन विकरे टॅटनेच बाहेर जातात. ती बाहेर पोहोचली नाहीत की विभाजनानंतर पेशी सुट्या होत नाहीत.

घडी बसलेले प्रथिन पटल ओलांडते याचे नवल केवळ टॅटपुरते नाही, हेही नमूद करतो. पटकीच्या जंतूचे विष आतले पटल सेकने, सुट्या साखळ्यांच्या रूपात ओलांडते. पेरिप्लाझममध्ये डीएसबी-एसारखेच विकर त्याचे डायसल्फाइड बंध घालते, एक ए आणि पाच बी असे भाग जुळतात, आणि तयार विष प्रकार दोनच्या स्रावयंत्रातून, घडी न मोडता, बाहेरच्या पटलापलीकडे जाते. शंभूनाथ डे यांनी 1959 साली कोलकात्यात जंतू गाळून काढलेल्या द्रावणानेही सशाच्या आतड्यात पाणी साठते हे दाखवले, ते या बाहेर पडलेल्या विषामुळेच.

प्रतिसाद : जुना खडू

प्रकल्पाच्या दृष्टीने दोन सूचना. सेकनेच चमक हवी असेल तर सुपरफोल्डर जीएफपी घ्या आणि त्याला डीएसबी-एचे सिग्नल पेप्टाइड जोडा. हे पेप्टाइड प्रथिन तयार होत असतानाच एसआरपी या सिग्नल ओळखणाऱ्या कणाच्या मदतीने वाहिनीकडे नेते, त्यामुळे आत घडी बसायला अवसर मिळत नाही, आणि पलीकडे हे सुधारित जीएफपी चुकीचे बंध जुळण्यापूर्वीच पिंप बनवते. एमचेरी हे लाल चमकणारे प्रथिनही चालते, त्यात सिस्टीनच नाही.

दुसरे म्हणजे, दोन्ही प्लाझ्मिडे खरोखर वेगळ्या वाटांनी जातात याचा पुरावा परीक्षक मागतील. सोडियम अझाइड सेक-एला रोखते, म्हणून ते दिल्यावर मॅल-ईवाल्या पेशींमध्ये सिग्नल पेप्टाइड न कापलेले, जेलवर किंचित वर थांबणारे प्रथिन साठलेले दिसले पाहिजे, आणि टॉर-एवाल्या पेशींवर त्याचा परिणाम कितीतरी कमी व्हायला हवा. फक्त अझाइड हाताळताना ते आम्लात मिसळू नका आणि उरलेले द्रावण बेसिनमध्ये ओतू नका. आम्लासोबत त्यातून विषारी वायू निघतो, आणि तांब्याच्या किंवा शिशाच्या नळात साठलेले अझाइड स्फोटक होते.