मदत हवी आहे: भाचा १६ चा, चाकू मारल्याची केस, बाल न्याय मंडळात पुढे काय होतं?

नमस्कार मंडळी. जाणकारांनी, खास करून वकील किंवा बालकल्याणात काम केलेल्यांनी, प्लीज सांगा. मी शहाद्याला राहतो, बहीण चोपडा तालुक्यात दिलेली आहे. तिच्या मुलाने गणपती मिरवणुकीत डीजेपुढे धक्का लागला म्हणून गावातल्याच एका पोराच्या पोटात चाकू मारला. तो पोरगा आयसीयूत होता, आता वॉर्डात आणलाय. भाचा निरीक्षणगृहात आहे.

बहीण फोनवर एकच बोलते, "भाऊ, मना पोऱ्या तसा नई शे रे." पण मला झोप लागत नाही ती वेगळ्याच गोष्टीने, चाकू त्याच्या खिशात होता, म्हणजे तो आधीपासून घेऊन फिरत होता ना. शाळा सोडून केळीच्या गाड्या भरायला जायचा, तिथली मोठी पोरं, त्यातल्या दोघांवर आधीच्या केसेस आहेत, त्यांच्याच मागे मागे असायचा.

गावात एकजण सांगतो १८ च्या आत आहे काहीच होत नाही, दुसरा सांगतो १६ झाले म्हणजे आता मोठ्यांच्या कोर्टात जाणार. त्यात वयाचाही घोळ. शाळेच्या दाखल्यावर १ जून आहे (भरती करताना तारीख सांगता आली नाही, मग गुरुजींनी टाकून दिली), त्या हिशोबाने १६ पूर्ण. ग्रामपंचायतीच्या दाखल्यावर त्याच वर्षाचा डिसेंबर, म्हणजे अजून १६ व्हायचाय. कोणता चालतो? आणि त्या जखमी पोराच्या घरी जाऊन दवाखान्याचा खर्च देऊ का? मनापासून द्यायचाय, त्याच्या आईला तोंड कसं दाखवावं कळत नाही.

प्रतिसाद १

दादा, मी धुळ्याला वकिली करते, मंडळासमोर केसेस चालवल्यात. वयाचं आधी. २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ९४ मधे शाळेचा दाखला किंवा बोर्डाचं सर्टिफिकेट पहिलं, ते नसेल तर ग्रामपंचायत-नगरपालिकेचा, आणि दोन्ही नसतील तरच हाडांची तपासणी. म्हणून शाळेचाच धरतील. दोन्ही कागद वकिलाला दाखवा, एकही लपवू नका.

पण मोठ्यांसारखा खटला चालवायचा तर नुसतं १६ असून भागत नाही, गुन्हा 'घृणास्पद' लागतो, म्हणजे ज्याला कमीत कमी ७ वर्षं शिक्षा आहे असा. खुनाचा प्रयत्न, जुन्या आयपीसीचं कलम ३०७, आता भारतीय न्याय संहितेचं १०९, त्यात जास्तीची शिक्षा मोठी आहे पण कमीत कमी किती ते लिहिलेलं नाही. सुप्रीम कोर्टाने जानेवारी २०२० मधे सांगितलं की असे गुन्हे 'गंभीर' मधे धरा, २०२१ च्या दुरुस्तीत ते कायद्यातही आलं. म्हणजे केस मंडळाकडेच राहते आणि जास्तीत जास्त ३ वर्षं विशेष गृहात, म्हणजे अशा मुलांच्या सुधारगृहात. तो पोरगा दगावला असता तर मात्र खून, मग मंडळ ३ महिन्यांत प्राथमिक मूल्यांकन करतं, मुलाला परिणामांची समज होती का वगैरे, आणि त्यावर ठरतं. दिल्लीच्या २०१२ च्या केसमधे १७ वर्षांच्या आरोपीला ३ वर्षंच मिळाली, त्यानंतर १६ वरच्या मुलांसाठी हा नियम आला.

जामीन कलम १२ मधे. एरवी द्यायचाच असतो, पण सुटला की गुन्हेगारांच्या संगतीत जाईल असं वाटलं तर नाकारतात, आणि तुमच्या केसमधे नेमकं तेच आडवं येईल. परिविक्षा अधिकारी (प्रोबेशन ऑफिसर) मुलाच्या घरची, संगतीची चौकशी करून सामाजिक तपास अहवाल करतात, त्यांना केळीवाल्या पोरांचं सगळं खरं सांगा. आणि त्याला सांभाळायला दुसरं घर आहे का तेही सांगा. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात जा, मुलांना वकील फुकट मिळतो. जखमीच्या घरी आत्ता जाऊ नका, साक्षीदारावर दबाव आणला असा अर्थ निघतो, खर्चाचं वकिलामार्फत मंडळासमोर मांडा. आणि मुलाचं नाव, फोटो कुठेच टाकू नका, कलम ७४ ने गुन्हा आहे.

धागाकर्ता

ताई, खूप आधार वाटला. त्याला शहाद्याला माझ्याकडेच आणतो, इथे आयटीआयला घालता येईल का तेही बघतो, बायको पण हो म्हणालीय. सोमवारी परिविक्षा अधिकाऱ्यांना भेटतो. अजून एक सांगा, माझा जिल्हा नंदुरबार आणि केस जळगावची, तर जामिनाला मी जामीनदार चालेन का, की बहिणीच्या नवऱ्यालाच उभं राहावं लागेल?