प्लाझ्मा जोरात फिरवला की झालं?

गंगापूररोडकर: काल इथंच कुणीतरी ठोकून दिलं, 'प्लाझ्मा जितका जोरात फिरेल तितकी उष्णता कोंडून राहते, आयटर फत्ते.' (आयटर म्हणजे फ्रान्समध्ये उभी राहतेय ती सूर्यासारखी ऊर्जा देणारी संलयन भट्टी, अन् प्लाझ्मा तिच्यातला तापून विद्युतभारित झालेला वायू.) अहो, प्रश्न वेगाचा नाही, शेजारच्या थरांच्या वेगातल्या फरकाचा आहे. सगळा प्लाझ्मा एकाच चालीनं फिरला तर भोवऱ्यांचं काय बिघडतं? थर मागेपुढे सरकले की भोवरे ताणले जाऊन तुटतात, उष्णता बाहेर नेणारी वाटच मोडते. १९८२ मध्ये जर्मनीत अ‍ॅस्डेक्स या संलयन यंत्रावर शास्त्रज्ञ वॅगनरना एच-मोड, म्हणजे उष्णता जास्त कोंडून धरणारी अवस्था, सापडला, त्यातही कडेच्या पातळ थरात हेच घडतं.

सातपूरचा फिटर: 'कुणीतरी' म्हणजे मीच, नाव घ्यायला लाजू नका. गोदेला पूर आला की दुतोंड्या मारुतीपाशी उभे राहा. वेगातल्या फरकानं भोवरे होतात, तुटत नाहीत! आणि सॅन दिएगोच्या डीथ्री-डी यंत्रावर समोरासमोर बीम, म्हणजे वेगवान कणांचे झोत, मारून फिरवणारा रेटा कमी केला, तेव्हा कन्फाइनमेंट, म्हणजे उष्णता कोंडणं, घसरलंच ना?

गंगापूररोडकर: घसरलं, कारण रेट्याबरोबर फरकही गेला. आयटरची अडचण तीच. बीम दहा लाख व्होल्टचे, ३३ मेगावॉट. कण जितका वेगवान, तितका त्याच पॉवरमागे धक्का कमी. आणि हलवायचाय ८०० घनमीटर प्लाझ्मा.

निफाडचा बागाईतदार: तुमचा सूर्य उतरेल तेव्हा उतरेल. आमची थ्री फेज रात्री बाराला येते. परवा मोटार चालू करायला गेलो, बांधावर बिबट्या. बादली टाकून पळालो.

सिडको१२: ऑटो बसवा ना, दादा. मोबाईलवरून चालू होते.

निफाडचा बागाईतदार: ऑटो आहे. डीपीवरचा फ्यूज गेला की तो मोबाईल घालतो का? एक रात्र या, बॅटरी मी धरतो.

दारणाकाठचा: आमच्याकडं तर मादी अन् दोन बछडे. पिंजरा लावला, त्यात कुत्रं सापडलं.

सिडको१२: चुकलं. पण दिवसा लाईट मागा की, इथं कशाला भांडता?

निफाडचा बागाईतदार: मागून मागून चपला झिजल्या, ताई.

सातपूरचा फिटर: बिबट्या पुरे! फिरणं थांबून मोड, म्हणजे प्लाझ्मातली चुंबकीय गडबड, भिंतीशी लॉक झाला, म्हणजे एका जागी अडकला, की बहुतेकदा प्लाझ्माच कोसळतो. तिथं वेगच लागतो ना?

गंगापूररोडकर: लागतो. पण ते स्थैर्य झालं, उष्णता कोंडणं वेगळं. बरं, चुंबकीय रेषेच्या दिशेनं असलेला वेगफरक भोवऱ्यांना पोसूही शकतो, रेषेला आडवा असलेला त्यांना मोडतो. तुमचा मारुती अर्धा बरोबर.

सातपूरचा फिटर: म्हणजे एक तोंड बरोबर. चालेल.

निफाडचा बागाईतदार: लाईट आली. निघतो.

सिडको१२: कुणाला तरी बरोबर न्या हो.