स्पॅनिश-पोर्तुगीज ख्रिस्ती भक्तिगीते : आपले अनुभव लिहा

नमस्कार मंडळी,

स्पॅनिश शिकवता शिकवता मी लॅटिन अमेरिकेतल्या आजच्या ख्रिस्ती भक्तिगीतांकडे वळले आणि आता ती माझ्या रोजच्या ऐकण्यात आहेत. सुरुवात गायक मार्कोस विट यांच्यापासून झाली. ते १९६२ साली अमेरिकेतल्या सॅन अँटोनिओ येथे जन्मले आणि मेक्सिकोतल्या दुरांगो येथे वाढले. १९८७ साली त्यांनी कानसिऑन ही ध्वनिमुद्रण संस्था काढली. नव्वदच्या दशकात श्रोतृवृंदाच्या आवाजासह, प्रत्यक्ष उपासनेत मुद्रित केलेले त्यांचे संच स्पॅनिश भाषक देशांतल्या चर्चमधून घरोघरी पोहोचले. माझ्या मते या संगीताचा जीव त्या सामूहिक आवाजातच आहे. गायक दोन ओळी म्हणून थांबतो आणि भजनात टाळकरी उचलून धरतात तसे ते गाणे पुढे सभाच नेते. त्यामुळे चाली गळ्याला सोप्या आणि ध्रुवपद पुन्हा पुन्हा येणारे असते. आपण ही गाणी कुठे ऐकलीत आणि आपल्याला काय जाणवले, ते सविस्तर लिहावे, ही विनंती.

साओ पावलोहून

नोकरीनिमित्त आम्ही इथे आलो तेव्हा पोर्तुगीजचा गंधही नव्हता, पण शेजारच्या काकूंच्या स्वयंपाकघरातला रेडिओ सकाळपासून सुरू असे आणि त्यातून रेजिस दानेझी यांचे २००८ सालचे ‘फाझ उम मिलाग्रे एम मिम’ हे गाणे हमखास कानी पडे. त्यात जक्कयाची गोष्ट आहे. गर्दीत येशू दिसावा म्हणून उंबरावर चढलेल्या त्या ठेंगण्या जकातदारासारखे मलाही जमेल तितके उंच चढायचे आहे, असे गाणारा म्हणतो. काकू कणीक मळता मळता ते मोठ्याने म्हणत आणि वरच्या पट्टीतल्या ओळीला त्यांचे हात थांबत. पुढे त्यांच्याबरोबर मी त्यांच्या चर्चमध्ये गेले. दुकानाच्या गाळ्याएवढ्या त्या सभागृहात ड्रम पारदर्शक पडद्याआड ठेवलेला होता, बास गिटार एक शाळकरी मुलगा वाजवत होता आणि भिंतीवर उमटणारे शब्द पाहून आजी-आजोबांपासून सगळे गात होते.

ब्राझीलच्या २०२२ च्या जनगणनेत इव्हँजेलिकल (प्रोटेस्टंट) पंथीयांचे प्रमाण सुमारे २७ टक्के भरले, आणि अशा छोट्या सभागृहांत वाद्य हाती धरलेली किती मुले पुढे व्यवसायाने वादक झाली असतील, याचा विचार माझ्या मनात नेहमी येतो. मात्र हे संगीत केवळ त्याच पंथाचे आहे असे समजू नये. कॅथलिक धर्मगुरू मार्सेलो रोसी यांच्या १९९८ सालच्या पहिल्या संचाच्या तीस लाखांहून अधिक प्रती खपल्या. गायिका अलिने बारोस, गायक फर्नांदिन्यो आणि बेलो होरिझोंते शहरातल्या एका बाप्टिस्ट चर्चमधून उभा राहिलेला ‘दियांते दो त्रोनो’ हा गायकसमूह आधी ऐकावा, असे मी नवख्यांना सुचवीन.

पुण्याहून

ताई, आपण मेक्सिकोबद्दल लिहिलेत. मी डॉमिनिकन प्रजासत्ताकाबद्दल लिहितो. हुआन लुईस गेर्रा हे मेरेंगे आणि बाचाता या नृत्यसंगीतासाठी जगभर ओळखले जाणारे गायक. त्यांचा २००४ सालचा ‘पारा ती’ हा संच संपूर्णपणे ख्रिस्तभक्तीचा आहे. त्यातल्या ‘लास आविस्पास’ या गाण्यात देव शत्रूला डसायला गांधीलमाशा पाठवतो. निर्गमाच्या तेविसाव्या अध्यायात त्या माशा आहेत, हे मला घरच्या मराठी बायबलमुळे लगेच उमगले. सोबत धावता मेरेंगे, तुताऱ्यांचे फटकारे आणि उत्तर देणारे कोरस. माझ्या आईला चर्चमध्ये इतके वेगवान गाणे पटेना. उपासना संथच असावी, असे तिचे मत आहे आणि मी त्याचा आदर करतो. तरीही ज्या बेटावर आनंद नाचूनच व्यक्त होतो, तिथला भक्त स्तुतीच्या वेळी पाय रोखून का धरील? २००५ साली याच गाण्याला लॅटिन ग्रॅमीमध्ये सर्वोत्कृष्ट ट्रॉपिकल गीताचा पुरस्कार मिळाला, म्हणजे धार्मिक विभागाच्या बाहेरही त्याची कदर झाली.

ह्यूस्टनहून

मी ख्रिस्ती नाही. रुग्णालयातल्या होंडुरासच्या सहकारी मैत्रिणीने मला हेसुस आद्रियान रोमेरो यांची गाणी ऐकवली. गिटार आणि जवळजवळ बोलण्यासारखा गळा, एवढेच त्यांत असते. रात्रपाळी संपल्यावर गाडीत ती हीच गाणी लावते. घरापासून दूर असलेल्या माणसाला या आवाजाचा आधार वाटतो, हे मी तिच्याकडे पाहून सांगते.

मडगावहून

आमच्याकडे पोर्तुगीज स्तोत्रे जुन्या पिढीला पाठ आहेत. जुन्या गोव्यात ३ डिसेंबरच्या फेस्ताला संत फ्रान्सिस झेवियरचे पोर्तुगीज गीत आजही म्हणतात. माझ्या शेजारच्या निवृत्त शिक्षिकांना मी ब्राझीलची नवी गाणी ऐकवली. ब्राझिली उच्चार त्यांना सुरुवातीला अवघड गेले, ड्रमचा आवाज त्यांनी कमी करायला लावला, पण येशूने मेलेल्यातून उठवलेल्या लाजराची आठवण देणारे अलिने बारोस यांचे ‘रेसुसितामी’ त्यांनी तीनदा लावायला सांगितले आणि त्याचे शब्द वहीत उतरवून घेतले. पुढच्या रविवारी त्यांना काय ऐकवावे, हे साओ पावलोच्या ताईंनी जरूर सुचवावे. शक्यतो ड्रम नसलेले, फक्त पियानोवरचे.